पहिली फरशी

आमचे कराट्याचे मास्तर, हिंदुराव सेन्सेई, रांगेत पहिले उभे राहत नाहीत. वर्गात त्यांच्याहून मोठं कुणी नाही, तरीही राहत नाहीत. सकाळी सहा वाजता जपानच्या थोरल्या गुरुजींच्या फोटोकडं तोंड करून रांग लागते. उजव्या टोकाची पहिली शहाबादी फरशी मोकळी सोडायची, दुसरीवर स्वतः सेन्सेई, तिसरीपासून काळे पट्टे, मग तपकिरी, मग हिरवे, अशी ती रांग मानानं उतरत उतरत थेट जिन्याच्या दारापर्यंत येते. दारापाशी शेवटची जागा माझी. वय पंचेचाळीस, पट्टा पिवळा. माझ्या अलीकडं दुसरीत शिकणारा एक पोरगा असतो आणि तो मला 'काका, नीट उभे राहा' असं रोज सांगतो.

पहिल्या फरशीवर पाय पडलेला सेन्सेईंना चालत नाही. एकदा बक्षीस समारंभाला प्रांतसाहेब पाहुणे म्हणून आले आणि नेमके त्याच फरशीवर जाऊन उभे राहिले. सेन्सेई म्हणाले, "साहेब, एक पाऊल हिकडं." साहेब नुसते हसले. सेन्सेई त्यांच्या बुटांकडं बघत राहिले. मी शपथेवर सांगतो, साहेबांच्या बुटाची लेस आपोआप सुटली. साहेब बांधायला खाली वाकले आणि वाकल्या वाकल्या तीन फरश्या पलीकडं सरकले. त्यांची बदली पुढच्याच महिन्यात झाली, पण तिचा आणि याचा संबंध मी जोडत नाही. कराडातले लोक जोडतात.

ती जागा कुणाची, यावर गावात बरीच मतं आहेत. कुणी म्हणतं थोरल्या गुरुजींच्या आत्म्याची. कुणी म्हणतं, सेन्सेई मूळचे शिराळ्याकडचे, त्यांनी तिकडून नाग आणलाय आणि तो फरशीखाली असतो. आमच्या मंडळींचं मत, खाली खताचं गोडाऊन असल्यामुळं ती फरशी हलत असणार. सेन्सेईंना विचारलं की ते एवढंच म्हणत, "मोकळी हाय तर मोकळी राहू द्या की रं. तुमच्या काय पोटात दुखतंय?"

सेन्सेईंची उंची पाच फूट दोन इंच, मान नाही, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. साखर कारखान्याच्या सुरक्षा विभागात आयुष्य काढलं आणि निवृत्त होताना कारखान्यानं दिलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी कोपराच्या एका फटक्यात मोडून दाखवली, खुर्ची कच्ची आहे हे सिद्ध करायला. त्यांनी पहिल्यांदा कराडात पोटातून आरोळी ठोकली तेव्हा संगमावरचे सगळे कावळे कृष्णेच्या बाजूचे उठून कोयनेच्या बाजूला गेले. ते अजून तिकडंच आहेत. कुणीही जाऊन बघावं.

आणि एवढा हा गडी भितो कशाला, तर पत्राला. एका बुक्कीत तीन विटा फोडणारा माणूस पाकीट फोडायला मला बोलावतो. कारण माझा छापखाना त्यांच्या वर्गाच्या जिन्याखाली, आणि जपानचं टपाल माझ्याच पत्त्यावर येतं, ईमेल माझ्याच कॉम्प्युटरवर. रोज साडेसातला, वर्ग सुटला की दारात उभे.

"दत्ता, जपानचं काय?"

"काही नाही सेन्सेई. तिकडं अकरा वाजलेत. चहा घेत असतील."

"एकत्र बसून घेत्यात का येगयेगळा?"

"ते कसं कळणार?"

"लक्षण काय बरं दिसंना," असं म्हणून ते एक सुस्कारा टाकतात. हे त्यांचं आवडतं वाक्य. पाऊस थांबला तरी लक्षण बरं दिसत नाही, सुरू झाला तरी दिसत नाही, आणि जपान गप्प असलं की अजिबातच दिसत नाही.

त्यांची संस्था 'कुरोमात्सु-काई', म्हणजे काळ्या पाइनची मंडळी. तिचा इतिहास सेन्सेई सांगतात तो ऐकावा. जपान कराड तालुक्यातच कुठंतरी बांधाला लागून आहे असं वाटायला लागतं. "थोरलं गुरुजी हुतं तवर सगळी एका चुलीवर. गुरुजी गेलं आन् तेराव्यालाच भांडान लागलं." जपानात तेरावा करत नाहीत, असं मी एकदा म्हणालो. "म्हनूनच तर भांडली न्हवं!" हे त्यावरचं उत्तर. तर ओसाकाचा सगळ्यात जुना शिष्य संस्थेचा शिक्का घेऊन बसला आणि टोकियोत जावई बसला. "एकाकडं शिक्का ऱ्हायला, दुसऱ्याकडं लेक ऱ्हायली. वाटनी कशी व्हायची?" ओसाकाची थोरली पाती, टोकियोची धाकटी पाती. पुढं थोरल्या पातीत चिन्हातल्या पाइनच्या झाडाला फांद्या पाच का सात यावरून आणखी एक चूल झाली. मग काही शहाणी माणसं एकीकरण करायला निघाली, त्यांची समिती झाली, आणि ती समिती हाच चौथा गट होऊन बसला.

प्रत्येक फुटीला सेन्सेईंच्या पोटात गोळा यायचा आणि माझ्याकडं नव्या लेटरहेडचं काम. पहिल्या वेळेला माझ्यापाशी पाइनचं चित्रच नव्हतं. लग्नपत्रिकेतला गणपती, सनई-चौघडा, हार घातलेले हत्ती होते, पाइन कुठला असायला? मी सुरूचं झाड छापलं. ओसाकाहून उत्तर आलं की भारतातली आमची सर्वांत शुद्ध शाखा कराडची दिसते.

या सगळ्या फुटींची वंशावळ सेन्सेईंनी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदांवर काढून, कागदाला कागद चिकटवून भिंतीवर लावलीय. आमचे तलाठी मुलाचं नाव घालायला आले, तर दहा मिनिटं त्या तक्त्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "वारसनोंद राहिलेली दिसतीय. गट नंबर काय हो याचा?"

आता या थोरल्या-धाकट्या पातीत खरा वाद कशाचा, तर पायाचा. त्यांची चौथी 'काता', म्हणजे हवेतल्या शत्रूशी ठरवून केलेली लढाई. तिच्यात सतराव्या पावलाला गर्रकन वळायचं असतं. थोरली पाती म्हणते डावीकडून, धाकटी म्हणते उजवीकडून. आणि दोघी म्हणतात, थोरले गुरुजी असेच वळायचे, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सेन्सेई थोरल्या पातीचे, म्हणजे डावे. पण उद्या तिकडं काही उलटंपालटं झालं तर पोरांचं नुकसान नको, म्हणून ते दोन्ही शिकवतात. परिणाम असा की सतराव्या पावलाला आमची निम्मी रांग डावीकडून वळते, निम्मी उजवीकडून, आणि दोन-चार डोकी रोज एकमेकांवर आपटतात. कराडात दुसऱ्या कुठल्या वर्गात एवढी टेंगळं नसतील. त्याला सेन्सेई 'प्रॅक्टिकल' म्हणतात.

या पायावरूनच त्यांचा एक माणूस गेला. गेला म्हणजे सांगलीला गेला. जिनपाल चौगुले. दोघांचा गुरू एक, शिराळ्याचे एक निवृत्त सुभेदार. त्यांच्या पडवीत दोघं तरुणपणी एकत्र शिकले, एका ताटात जेवले. एका ताटात म्हणजे, जिनपाल जैन घरातला, त्यामुळं तो असला की ताटात नुसती वांगी आणि सेन्सेईंचं तोंडही वांग्यासारखं. सेन्सेई त्याचं वर्णन करत ते एकच, "सुतळीगत हुता. वाऱ्यानं हालायचा. पर लात अशी मारायचा, की बघनारालाच लागायची."

मग जपानात वाटणी झाली. तासगावच्या एका प्रात्यक्षिकात दोघांनी समोरासमोर उभं राहून चौथी काता सुरू केली. सतराव्या पावलाला हे डावीकडून वळले, तो उजवीकडून. दोन्ही टाळकी अशी आपटली, की मागच्या रांगेतल्या लोकांना मंडपाचा वासा मोडला असं वाटून ते उठून पळाले. उरलेले हसले. स्टेजवरच हे म्हणाले, "तुझा पाय चुकला." तो म्हणाला, "तुझा." बास. तेव्हापासून बावीस वर्षं बोलणं नाही. जिनपाल धाकट्या पातीचा झाला, त्यानं सांगलीत वर्ग काढला. हे इकडं, तो तिकडं, मधून कृष्णा वाहते. ती कराडहूनच सांगलीला जाते, पण निरोप कुणी तिच्याबरोबर धाडला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. मला वाटत होतं, विषय संपलेला आहे.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी थोरल्या पातीचा ईमेल आला. मी तो दोनदा वाचला. ओसाकाहून एक वयस्क परीक्षक आठ दिवसांनी सांगलीत विश्रामबागच्या एका हॉलवर येणार, आणि प्रत्येक वर्गानं तिथं संध्याकाळी सहाच्या आत दोन कागद द्यायचे. एक, वर्गाची ज्येष्ठता यादी. दोन, सही केलेलं प्रतिज्ञापत्र. ते दिलं नाही तर वर्गाचं नाव कमी होणार आणि त्या वर्गातल्या काळ्या पट्ट्यांची जपानात नोंद होणार नाही. आमचे पाच काळे पट्टे त्या नोंदीची वाट बघत होते. त्यातल्या प्रणालीला एका कॉलेजात क्रीडा विभागात अर्ज करायचा होता, तिला तो कागद हवाच होता.

प्रतिज्ञापत्राचं मराठी मी करून दाखवलं. 'आमच्या वर्गाचा दुसऱ्या पातीशी व तिच्या कोणत्याही सभासदाशी कसलाही संबंध नाही व कधीही नव्हता.'

सेन्सेईंनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. मग स्टुलावर बसले. माझ्या छापखान्यात ते कधी बसत नसत.

"दत्ता, 'न्हाई' म्हनतो मी एक येळ. 'न्हवता' कसं म्हनू रं?"

"सेन्सेई, सही करायची आणि मोकळं व्हायचं. कोण बघतंय?"

"लक्षण काय बरं दिसंना," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला वाटलं, खरंच दिसत नाही.

पुढचे आठ दिवस त्या माणसानं स्वतःचं आणि गावाचं जे केलं ते सांगायला नको, म्हणून सांगतो. दूधवाल्याला कमरेतून वाकून नमस्कार. शर्टावरून पट्टा बांधून बँकेत. विटा फोडायला घेतल्या तर वीट तशीच, हाताला सूज. चालताना पावलं मोजायचे. कोल्हापूर नाक्यावर रस्ता ओलांडताना बरोबर सतराव्या पावलाला मधोमध थबकले. दोन्ही बाजूंनी उसाच्या ट्रॉल्यांची रांग शेवटी साताऱ्यापर्यंत गेली म्हणे. एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "आवं मास्तर, डावीकडं वळा न्हाईतर उजवीकडं वळा, पर वळा!"

एकच गोष्ट बिघडली नाही. वर्गाआधी सेन्सेई स्वतः मऊ कुंचा घेऊन हॉल झाडतात, अगदी अलगद, आणि मुंगी दिसली की तिला कागदावर घेऊन खिडकीच्या कठड्यावर सोडतात. जत्रेत तीन वेळा रस्सा मागून घेणारा हा माणूस मुंगीसाठी गुडघे टेकतो. "लाथ मारायच्या आदी खाली बघावं," असं म्हणतात. त्या आठवड्यात ते रोज दोनदा झाडत होते.

काळजी हा संसर्गजन्य प्रकार आहे. ओगलेवाडीच्या एका लग्नपत्रिकेवर मी नवरदेवाच्या नावापुढं 'ब्लॅक बेल्ट' छापलं. मुलीकडच्यांनी लग्नाची तारीख आठ दिवस पुढं ढकलली, चौकशी करायला.

अशा धांदलीत सेन्सेईंनी मला ज्येष्ठता यादी लिहून दिली. पेन्सिलीनं, उसाच्या पावतीच्या मागं. मी टाइप करायला घेतली तर यादी दोनपासून सुरू. दोन, हिंदुराव. तीन, प्रणाली. एक नाहीच. मी मनात म्हटलं, बिचारा डोक्यानं गेला, आकडेसुद्धा सुचेनात. छापखानेवाल्याचा धर्म असतो, गिऱ्हाइकाची चूक गुपचूप दुरुस्त करायची. मी सगळे आकडे एकेकानं वर घेतले. एक, हिंदुराव. छान ठळक अक्षरात. फाइलीत घालून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडली नाही. कागदाला भितातच ते.

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं सांगलीला गेलो. संपूर्ण प्रवासात सेन्सेई एकदाच बोलले, तेही इस्लामपूरच्या स्टँडवर. "ह्या गावात भजी बरी मिळायची. त्यो कांदा खात न्हवता, मग माझ्या वाटनीची मिरचीची त्येला द्यावी लागायची." तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

तीनला विश्रामबागेत पोचलो. हॉलवर सातारा-सांगलीकडचे पंधरा-वीस मास्तर हातात फायली घेऊन उभे. एरवी पन्नास पोरांपुढं गर्जना करणारे हे लोक त्या दिवशी दाखल्याच्या रांगेतल्या पालकांसारखे दिसत होते. एका टेबलामागं निळा ब्लेझर घातलेला थोरल्या पातीचा आपल्याकडचा प्रतिनिधी, आणि त्याच्या शेजारी वाळक्या शेंगेसारखा एक म्हातारा जपानी माणूस ताक पीत बसलेला.

व्हरांड्यात सेन्सेईंनी सही करायला म्हणून पहिल्यांदा फाइल उघडली.

"दत्ता. हे एक नंबरला कोन लिवलंय?"

"तुमीच की."

"मी दोनपासनं लिवून दिलं हुतं."

"आवं, ती चूक होती. मी दुरुस्त केली."

सेन्सेईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या पायात चपला होत्या म्हणून बरं, लेस असत्या तर गळ्याला आवळल्या असत्या.

"बावीस वरसं मी दोनवर उभा ऱ्हातोय. रोज बघतोस तू. तुला ती चूक वाटली व्हय रं?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. नाग नाही, आत्मा नाही, हलणारी फरशीही नाही.

"ती जिनपालरावांची जागा?"

"सुभेदारांनी त्येला पट्टा आदी बांधला. हजेरीपटावर 'ज' आदी येतो, 'ह' पार शेवटाला. मधल्या येळात चहा आला हुता, सुभेदार म्हनले चहा घेऊन बांधू. तेवढ्या चहापुरता त्यो माझ्याम्होरं गेला. कराट्यात म्होरं गेल्याला मानूस जलमभर म्होरं."

"आवं पण तुमी बावीस वर्षं त्याच्याशी बोलत नाही!"

"बोलत न्हाई म्हंजे काय नंबर बदलतो व्हय?"

 मलाही दोन थोरले भाऊ आहेत, बोलणं बंद झालं म्हणून ते धाकटे होत नाहीत.

सेन्सेईंनी प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. पेन उघडलं, बंद केलं. सहाला अजून वेळ होता. "एकदा त्येला बघतो," ते म्हणाले. "बोलत न्हाई. नुसतं बघतो. मग काय ती सही."

रिक्षानं आम्ही गावभागात गेलो. एका शाळेच्या मागच्या हॉलात जिनपालचा वर्ग भरतो, हे सेन्सेईंना बरोबर माहीत होतं. बाहेरच्या बाजूला खिडकी होती, आम्ही सायकलींच्या आडोशाला उभे राहिलो. दोन मोठी माणसं, एक पांढऱ्या मिशांचं, चवड्यांवर उभी राहून शाळेच्या खिडकीत डोकावतायत. कुणी पोलिसात दिलं असतं तर मी छापखान्याचा पत्ता खोटा सांगणार होतो.

आत एक चांगला भरलेला माणूस पाठमोरा वाकला होता. पांढरा पोशाख, काळा पट्टा, पट्ट्याची टोकं इतकी आखूड उरलेली की गाठ कशीबशी बसलेली. त्याच्या हातात मऊ कुंचा होता. तो हॉल झाडत होता, अलगद. मग गुडघा टेकून त्यानं काहीतरी कागदावर घेतलं आणि समोरच्या खिडकीच्या कठड्यावर नेऊन सोडलं.

"अजून मुंग्या बघतोय," सेन्सेई पुटपुटले. त्यांचा आवाज खताच्या गोणीखालून आल्यासारखा येत होता. "सुभेदारांच्या पडवीत लय मुंग्या. त्यो आदी झाडायचा, मगच पाय उचलायचा. मी हसायचो."

"सुतळीगत होता म्हणालात."

"व्हय रं. पार पोतं झालंय."

मग रांग लागली. मी सेन्सेईंच्या नजरेमागून नजर नेली. उजव्या टोकाला पहिला जिनपाल. त्याला खेटून एक दाढीवाला काळा पट्टा. त्याला खेटून दुसरा, मग तिसरा. पाय ठेवायला जागा नाही इतकी पोरं. मध्ये कुठं एक फरशी रिकामी नव्हती. सेन्सेईंनी रांग एकदा मोजली. मग दुसऱ्या टोकाकडून मोजली.

मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. मी म्हणालो, "सेन्सेई, आत जाऊया."

"रांग लागल्यावर आत जायचं नसतंय."

"मग हाक मारू?"

"नको." खिडकीचा गज सोडून ते म्हणाले, "गर्दी लय झालीया त्याच्याकडं. जागा कुठनं काढंल बिचारा."

परतताना रिक्षात त्यांनी गुडघ्यावर फाइल धरून काहीतरी खरडलं. रिक्षा खड्ड्यांतून जात होती. 

व्हरांड्यात एका मास्तरांच्या कानाशी काहीतरी बोलून, सहाला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी कागद टेबलावर ठेवले. ब्लेझरवाल्यानं प्रतिज्ञापत्र उचललं. मजकुरावर सरळ एक आडवी रेघ. यादी उचलली. माझ्या ठळक एकावर काट, आणि वर समासात पेनानं 'एक, जिनपाल चौगुले, सांगली'. हिंदुराव पुन्हा दोनवर.

"मास्तर, हे तर धाकट्या पातीचे."

"व्हय."

"मग इथं कसे?"

"पहिले तेच हायत, तर दुसरं कोन लिवू?"

"फॉर्म बाद होतो मास्तर. वर्गाचं नाव कमी होईल."

"करा," सेन्सेई म्हणाले. मग एक वेगळा कागद पुढं सरकवला. "ह्या पाच पोरांची नोंद मलकापूरच्या वर्गातनं घ्या. तिथलं मास्तर भाईर उभं हायत, मी इचारलंय त्येंना. पोरांनी काय घोडं मारलंय?"

बोलता बोलता त्यांनी आयुष्यात घडवलेली पाचच्या पाच पोरं दुसऱ्याच्या नावावर लिहून दिली. ब्लेझरवाल्यानं तो कागद ठेवून घेतला.

आम्ही निघालो. दारापर्यंत गेलेले सेन्सेई परत फिरले आणि त्या म्हाताऱ्या जपान्यापुढं जाऊन कमरेतून वाकले. "आता मी कुनाचाच न्हाई," ते ब्लेझरवाल्याला म्हणाले, "तर एक इचारून घ्या. चौथी काता. सतरावं पाऊल. थोरलं गुरुजी डावीकडनं वळायचं का उजवीकडनं?"

हॉलातले सगळे मास्तर टेबलाभोवती गोळा झाले. बाहेर रस्त्यावरची वाहनंसुद्धा थांबली असावीत. ब्लेझरवाल्यानं नाइलाजानं विचारलं. म्हाताऱ्यानं ताकाचा पेला खाली ठेवला, जरा आठवल्यासारखं केलं आणि हसत हसत बरंच बोलला. ब्लेझरवाल्याचं तोंड उतरत गेलं.

"काय म्हनले?"

"ते म्हणतात..." ब्लेझरवाल्यानं टेबलावरच्या फायली उगीच नीट केल्या. "गुरुजींचा वर्ग लहान होता. पोरं फार. जिकडं जागा असेल तिकडं वळायचे."

परतीच्या एसटीत मला वाटलं, सेन्सेई आता खिडकीची काच फोडणार. ते इस्लामपूरपर्यंत नुसते बसले होते. मग एकदम खांदे हलायला लागले. हसत होते का काय ते मी सांगत नाही. शेजारच्या बाईनं त्यांना पाण्याची बाटली दिली एवढं सांगतो.

"सेन्सेई, त्यांना फोन करून हे सांगा तरी. नंबर मी काढतो."

"वरच्या मानसाला फोन करायचा नसतोय. समोर जाऊन वाकायचं असतंय."

"मग मघाशी समोरच होतात की."

"माझी जागा न्हवती गड्या तिथं," ते म्हणाले, आणि खिडकीची काच ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहालाच गेलो. खरं सांगायचं तर भीत भीत गेलो. नाव कमी झालेलं, पोरं दुसऱ्याची झालेली. पाचातली तिघं आली होती. प्रणाली पहिली आली होती. दोघं आली नाहीत, ती पुढंही आली नाहीत. भिंतीवरची वंशावळ तशीच होती. सेन्सेई गुडघे टेकून हॉल झाडत होते.

मग रांग लागली. पहिली फरशी मोकळी, दुसरीवर सेन्सेई, तिसरीवर प्रणाली, शेवटी दारात मी. सगळे वाकणार, एवढ्यात सेन्सेई म्हणाले, "थांबा." ते त्या मोकळ्या फरशीकडं बघत होते. नजरेनं काहीतरी मापत होते, शिंपी मापतो तसं.

"आजपासनं सगळ्यांनी आनखी एक फरशी सरकायचं."

"का हो सेन्सेई?" प्रणालीनं विचारलं.

"अंगानं भरलाय त्यो," सेन्सेई म्हणाले. "एका फरशीत मावायचा न्हाई."

सेन्सेई तिसऱ्या फरशीवर गेले. त्यांच्या मागं अख्खी रांग सरकली, काळे, तपकिरी, हिरवे. दुसरीतल्या पोरानं मला ढुंगणानं ढकललं. सरकता सरकता माझा एक पाय दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेला. मी तसाच वाकलो.